मेलेल्या सॉफ्टवेअरचं लायसन कसं घ्यावं

तर तुम्हाला पेजमेकर ७ चं, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरचं, ओरिजिनल लायसन हवंय. दंडवत घ्या! तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या डीटीपीच्या दुकानात याच पेजमेकरवर लग्नपत्रिका, गणेश मंडळाची पावतीपुस्तकं आणि दशक्रियेची कार्डं वर्षानुवर्षं निघत आली. त्या दुकानात जाऊन लायसनबद्दल विचारून बघा. ‘ड्रायव्हिंगचं का?’ असं विचारतील आणि पत्ता सांगतील आरटीओ एजंटचा.

पण तुम्ही प्रामाणिक आहात. त्याला आता इलाज नाही, तेव्हा पुढचं ऐका.

सगळ्यात आधी कंपनीकडे जाऊ नका. पेजमेकर काढला आल्डसने, १९८५ साली. १९९४ मध्ये आल्डस अडोबीत विलीन झाली, २००१ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिथेच वंश खुंटला. अडोबीचा जीव तोवर इनडिझाइन या पानं जुळवायच्याच नव्या सॉफ्टवेअरवर जडला होता. २०१३ पासून तर इनडिझाइन, फोटोशॉपसारख्यांच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकायच्याच नाहीत, भाडं घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. अशा कंपनीला ‘तुमचं जुनं सॉफ्टवेअर पैसे देऊन विकत घ्यायचंय’ असं कळवणं म्हणजे उगाच त्यांना कोड्यात टाकणं. पैसे घ्यायला तिथे खिडकीच नाही. फुकट वापरणाऱ्याला मात्र खिडकी लागत नाही, त्याचं सगळं सुरळीत चालू असतं.

म्हणून सेकंडहँड बघा. प्रेस बंद करून मुलाकडे बंगळुरूला निघालेले एखादे काका गाठा. माळ्यावरून खोका काढतील. सीडी, मॅन्युअल, सिरीयल नंबरचं स्टिकर, सगळं जागच्या जागी असेल. लगेच हुरळू नका. हे ७ नवं घेतलेलं की अपग्रेड, हे आधी विचारा. अपग्रेड असेल तर जुनी आवृत्तीही सोबत द्यावी लागते, तसं करारातच लिहिलेलं असतं. म्हणजे ६.५ ची सीडी आली. ती ५ वरून अपग्रेड केलेली निघाली तर फ्लॉप्या आल्या. काकूंनी फ्लॉप्या गेल्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिलेल्या असतात, तेव्हा आता रद्दीवाल्याचा शोध सुरू करा.

जमीन घेतली तर निदान तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्यावर नाव चढतं. इथे सातबारा परदेशात, तलाठ्याचं खातं बंद, आणि जमीन मुळात विकलीच नव्हती, असं तलाठीच सांगतो. ही थट्टा नाही. अमेरिकेतल्या एका आर्किटेक्ट ऑफिसने ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या चौदाव्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना प्रत्येकी ४९५ डॉलर भरले आणि जुन्या प्रती नष्ट करायचं कबूल केलं. नष्ट करायच्या सोडून त्या विकल्या. घेणाऱ्याने ईबे या विक्रीच्या साइटवर काढल्या, ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्क कंपनीने हरकत घेतली. खालच्या कोर्टात घेणारा जिंकला. २०१० मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की मूळ ऑफिस मालक नव्हतंच, नुसतं लायसनधारक होतं. मालकीच नाही तर विकणार काय? पुठ्ठ्याचा खोका काय तो खरा. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात नेमकं उलट सांगितलं: कायमच्या वापरासाठी पैसे मोजून घेतलेलं लायसन पुढे विकता येतं, फक्त आपल्या मशीनवरची प्रत पुसायची. तेव्हा कायदेशीर सल्ला हवाच असेल तर युरोपात स्थायिक व्हा. तिथल्या सरकारला व्हिसाचं कारण मात्र स्पष्ट सांगा: लग्नपत्रिका.

समजा, पेजमेकर मिळाला. आता मराठीचं काय? पेजमेकरला युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी मराठी टायपिंगची पद्धत, कळत नाही. त्यामुळे श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांपैकी मराठी फॉन्टचं जे पॅकेज काकांकडे असेल तेही घ्यावं लागणार, आणि तिथे डोंगल आलं. सीडी कितीही कॉपी करा, डोंगल नसेल तर काम होत नाही. डोंगल हेच लायसन. काडेपेटीएवढं असतं, दोन्ही टोकांना पंचवीस पिनांची तोंडं. ते सीपीयूच्या पाठी प्रिंटर पोर्टला लावायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची वायर. काकांनी बसवलं तेव्हापासून ते कुणी काढलेलं नसतं. दोन्ही स्क्रू गंजलेले, वर रबरबँडने चिठ्ठी: ‘हात लावू नये’. तुमच्या नव्या लॅपटॉपला तसलं भोकच नाही. म्हणून डोंगल सोडवायच्या फंदात पडू नका, सीपीयूच उचला. मॉनिटरही घ्या. विंडोज एक्सपी आहे तशी राहू द्या. मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला तिच्यावरून हात काढला, पण काकांच्या मशीनला ते कुणी कळवलेलं नाही. नेट जोडू नका, म्हणजे कळणारही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, इनडिझाइनमध्ये जुन्या फायली उघडू की! जरूर उघडा. मात्र ती सोय इनडिझाइनच्या सीएस ६ या आवृत्तीपर्यंतच होती, नव्या इनडिझाइनला पेजमेकर ओळखू येत नाही. आणि सीएस ६ ची विक्रीही केव्हाच बंद झाली. म्हणजे एका मढ्याची तिजोरी उघडायला दुसऱ्या मढ्याची किल्ली हवी.

ही किल्ली नुसती मिळून चालत नाही, तिला ॲक्टिव्हेशन, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरची मंजुरी, लागते. पेजमेकर बिचारा साधा, सिरीयल नंबर टाकला की कामाला लागायचा. नंतरच्या पिढ्या सर्व्हरला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आणि सर्व्हरसुद्धा मरतो. अडोबीच्या सीएस २ या जुन्या आवृत्तीचा असाच गेला. तेव्हा, २०१३ च्या जानेवारीत, ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत सिरीयल नंबरासकट साइटवर ठेवायची वेळ अडोबीवर आली. जगाने ‘फुकट, फुकट’ म्हणत लूट केली. हे फक्त जुन्या लायसनधारकांसाठी आहे, असा खुलासा कंपनी करत राहिली. तो खुलासा वाचून मनापासून वाईट वाटून घेणारे तुमच्यासारखेच असणार.

एवढं करून फाइल उघडली, की पडद्यावर मराठी नसते. फॉन्ट नसेल तर २००३ च्या दिवाळी अंकाचं संपादकीय म्हणजे टोप्या घातलेल्या रोमन अक्षरांची रांग. मग जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर लावायचा. तो बहुतेक अक्षरं नीट आणतो, पण रफार शेजारच्या अक्षरावर नेऊन ठेवतो, ऱ्हस्व वेलांटीला भलत्या काठीशी बांधतो, आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कुठे ठेवला ते सांगत नाही. पुन्हा प्रूफं आली. पण लायसन शंभर टक्के तुमचं, हे समाधान केवढं!

राहिला व्यवहार. काका रोख घेतील. लेटरहेडवर ट्रान्सफरचं पत्र मागा, देतील. प्रेस बंद असली तरी लेटरहेड उरलेली असतात. पावतीही मागा. दहा मिनिटं थांबायला सांगतील, मशीन चालू करतील आणि तुम्ही नुकत्याच विकत घेतलेल्या पेजमेकरमध्येच ती तयार करून देतील. नाव तेवढं बरोबर टाकलंय का बघून घ्या, कारण खालच्या अटींत छापलेलं असेल: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.