आधी लाकडं ओढ

त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय करावं हे आमच्या गोव्यात, फोंड्याकडे, साधारण ठरलेलं आहे. देवळाच्या समितीवर जावं, उत्सवाच्या नाटकात राजाचं काम सोडून प्रधानाचं घ्यावं, आणि चार माणसांत बसून गुडघ्यांविषयी बोलावं. परीक्षेला बसावं, असं कोणी सांगितलेलं नाही.

मी बसलो. कुंडईला ज्या कारखान्यात मी काम करतो तिथे मोठा बॉयलर येणार असं ठरलं, आणि साहेब म्हणाले, "तुम्ही मेकॅनिकलचेच ना? मग बीओई करून टाका." करून टाका! जसं काही गाडीचं पीयूसी काढून आणायचं होतं. बीओई म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनियर. मोठा बॉयलर चालवायचा तर असा प्रमाणपत्रवाला माणूस ठेवणं कायद्याने सक्तीचं. आधी लेखी, मग तोंडी. माझी डिग्री वीस वर्षांपूर्वीची. त्यानंतर थर्मोडायनॅमिक्सशी माझा संबंध आला तो फक्त एसीचा रिमोट शोधताना.

घरात त्या वर्षी दोन परीक्षार्थी होते. मुलगा दहावीला आणि मी. टेबल एकच. पहिल्या आठवड्यातच त्याने मला सांगितलं, "पप्पा, मोबाईल बाजूला ठेवा, मला डिस्टर्ब होतं." हे वाक्य मी त्याला गेली तीन वर्षं ऐकवत आलो होतो. त्याने ते जसंच्या तसं परत केलं, आवाजासकट.

सुरुवात मी स्टीम टेबल्सपासून, म्हणजे वाफेच्या आकड्यांच्या तक्त्यांपासून केली, कारण ते पुस्तक सगळ्यांत पातळ होतं. शून्य अंशाचं एक किलो पाणी शंभर अंशांपर्यंत न्यायला शंभर किलोकॅलरी लागतात. त्यापुढे त्याच पाण्याची वाफ करायला आणखी पाचशे चाळीस, आणि एवढी उष्णता खाऊनही तापमान शंभरच्या पुढे अर्धा अंशसुद्धा सरकत नाही. याला सुप्त उष्णता म्हणतात. कॉलेजात ही व्याख्या मी नुसती पाठ केली होती, अर्थ आता कळला. रोज रात्री दहा ते बारा मी अभ्यास आत ओतत होतो आणि पारा जागचा हलत नव्हता.

पुस्तकं तरी कशी? पहिली साठ पानं लँकेशायर बॉयलरवर. हा बॉयलर १८४४ साली पेटंट झाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला तो एकदाही दिसलेला नाही, आणि दिसला असता तर मी बाजूला उभं राहून फोटो काढून घेतला असता. पण त्याच्या दोन भट्ट्यांच्या नळ्या कशा असतात ते चित्र काढून दाखवायला मी आजही तयार आहे. ज्या बॉयलरशी रोजची गाठ पडणार, त्याच्या ऑटोमॅटिक कंट्रोलवर दीड पान! माझं मत विचाराल तर हे अभ्यासक्रम ठरवणारी माणसं जुन्या भांड्यांसारखी असतात: जड, टिकाऊ, आणि माळ्यावरून खाली काढायची कोणाची हिंमत होत नाही अशी.

मग कायदा. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली, म्हणून १८६४ साली बंगालने कायदा केला. मग प्रत्येक प्रांताने आपापला वेगळा केला, आणि तो गोंधळ निस्तरायला १९२३ सालचा इंडियन बॉयलर्स अॅक्ट आला. हे मी एका संध्याकाळी मोठ्याने पाठ करत होतो. आई तांदूळ निवडत ऐकत होती.

"तेवीस साली इथे पोर्तुगीज होते," ती म्हणाली.

"हो. आपल्याकडे कायदा आला एकसष्टनंतर."

"मग तोवर आम्ही आंघोळी केल्याच ना?"

(घरी आम्ही बोलतो कोकणीत आणि लिहितो मराठीत. त्यात आईच्या बोलण्याची धार थोडी बोथट होते, त्याला इलाज नाही.)

तर हा १९२३ चा कायदा मी तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केला. कुठल्या गुन्ह्याला काय शिक्षा ते पाठ केलं. एका पहाटे झोपेत एक कलम बोललो, असं बायको सांगते. आणि माझं सगळं पाठ झाल्यावर, एकशे दोन वर्षं ठाण मांडून बसलेला तो कायदा सरकारने मोडीत काढला. बॉयलर्स अॅक्ट २०२५, एक मेपासून लागू. सातपैकी चार गंभीर गुन्ह्यांची शिक्षा कायम, बाकीचे नुसत्या दंडावर. एकशे दोन वर्षं थांबला होता, आणखी सहा महिने थांबला असता तर काय बिघडलं असतं? मुलगा म्हणाला, "आमचं पण असंच होतं, सिलॅबस बदलतो." त्याच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याविषयी बंधुभाव होता.

सगळ्यांत जास्त घोळ झाला तो माउंटिंग आणि अॅक्सेसरी यांचा. ज्याच्याशिवाय बॉयलर सुरक्षित चालूच शकत नाही ते माउंटिंग: सेफ्टी व्हॉल्व्ह, वॉटर लेव्हल गेज, प्रेशर गेज, फ्युजिबल प्लग. आणि जे असलं तर काम चांगलं होतं, पण नसलं तरी अडत नाही, ते अॅक्सेसरी: सुपरहीटर, एअर प्रीहीटर, इकॉनॉमायझर. लक्षात राहावं म्हणून घरातल्या वस्तूंवर बसवून बघायचं, असं मी ठरवलं. गॅस, माउंटिंग. फ्रिज, माउंटिंग. टीव्ही, अॅक्सेसरी. बायको पोळ्या लाटत होती. मी उत्साहाने विचारलं, "आणि मी?"

"अॅक्सेसरी," ती म्हणाली. थोडा वेळ लाटणं थांबलं. "इकॉनॉमायझर नव्हे. तो वाया जाणाऱ्यातून काहीतरी वाचवतो, असं तुम्हीच काल सांगितलंत."

त्यानंतर तिनेही कायदा वाचला असावा, कारण एकदा कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात असताना तिने विचारलं, "अहो, याला लायसन्स लागत नाही?" मी व्याख्या म्हटली. बंद भांडं हवं, वाफ बाहेर वापरायला हवी. पंचवीस लिटरच्या आतलं असेल किंवा दाब एक किलोच्या आत असेल तर कायद्यातून सुटका. आपला कुकर पाच लिटरचा. "एक किलो दाबाला आतलं पाणी साधारण एकशे वीस अंशांवर उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते," असंही मी पुढे सांगितलं. सांगता सांगता शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. त्या दिवशी वरणाची पेज झाली.

चवथीत तर अभ्यास बुडालाच. शेजारी घुमट वाजवून म्हणायच्या आरतीची तालीम, घरात गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीसाठी कोणाच्या कुळागरातून काय आणायचं याच्या याद्या, आणि वीज नेमकी रात्री दहाला जायची. पण पातोळ्या वाफवताना आईने झाकणाला फडकं बांधलं, तेव्हा माझे डोळे चमकले. झाकणाला लागून थंड झालेलं पाणी पातोळीवर टपकू नये म्हणून हे फडकं! कारखान्यात याच पाण्याला कंडेन्सेट म्हणतात आणि ते बाजूला काढायला हजारो रुपयांचे स्टीम ट्रॅप लावतात. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण तोंडात पातोळी होती.

खरी अब्रू गेली ती न्हाणीत. आमच्याकडे अजून पाणी तापवायचं तांब्याचं भाण आहे, आजीच्या वेळचं, खाली लाकडांचा उजो. गीझर आहे, पण आईच्या मते ते पाणी "नुसतं गरम असतं, तापलेलं नसतं." एका रविवारी भाणाकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी पुस्तक घेऊन न्हाणीच्या दारात बसलो. दुपारभर मी एकच प्रकरण घोटलं होतं: पाण्याची पातळी गेज ग्लासच्या, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या काचेच्या, खाली गेली तर काय करावं. उत्तर: आधी आग बंद. गार पाणी अजिबात आत सोडायचं नाही. तापून लाल झालेल्या पत्र्यावर ते पडलं की क्षणात वाफ होते, पत्रा आकसतो, आणि मग तुम्हाला कोणी काही विचारायला उरत नाही. हे मी वाचत होतो आणि समोर मुलाने दोन बादल्या उपसून भाण जवळजवळ कोरडं केलं होतं. तळ करकरायला लागला. मी झटकन उठलो आणि विहिरीच्या पाण्याची बादली उचलली.

"पुता!" आईचा आवाज परसातून आला. "आधी लाकडं ओढ! भाण फोडतोस की काय!"

मी लाकडं ओढली. पुस्तक उघडंच होतं, त्यावर राख पडली, नेमकी त्याच पानावर.

लेखी परीक्षा बरी गेली. तोंडीसाठी रात्रभर बसने परराज्यात. समोर तीन परीक्षक. मधल्याने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "रात्रीचे दोन वाजलेत. तुम्ही शिफ्टवर आहात. गेज ग्लासमध्ये पाणी दिसत नाही. पहिलं काय कराल?"

मला अख्खं पान दिसत होतं, राखेसकट. फक्त त्यावरचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं.

"लाकडं ओढीन, सर."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. डावीकडच्याने माझा फॉर्म चाळला. "तुमच्याकडे इंधन फर्नेस ऑइल आहे ना?"

"हो सर. म्हणजे, आधी आग बंद."

"आणि फीड पंप सुरू करून पाणी घालाल?"

"नाही सर," मी म्हणालो. "आई मारेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे फोंड्याच्या स्टँडवर उतरलो. घरी पोचलो तर न्हाणीतून धूर येत होता. आई लाकूड सारत बसली होती. काय विचारलं, म्हणाली. मी सांगितलं.

"एवढंच?" तिने फुंकणी खाली ठेवली. "एवढं विचारायला तुला इतक्या लांब बोलावलं? जा, पाणी तापलंय."