पात्रतेचा रकाना

आज दुपारी कार्यालयातून माझा अर्ज परत आला. विभागाच्या कविता-कार्यशाळेसाठी मार्गदर्शक म्हणून आमच्याच तालुक्यातील एका ज्येष्ठ कवयित्रीचे नाव मी सुचवले होते आणि 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यात प्रामाणिकपणे 'बारावी' असे लिहिले होते. त्या शब्दाभोवती लाल शाईने वर्तुळ करून शेजारी शेरा मारला आहे, 'निकषात बसत नाही'. पुढचाच तास अमेरिकी कवयित्री लुईस ग्लिक यांच्या कवितेचा होता. (आपल्याकडे बरेचदा 'ग्लुक' लिहितात, उच्चार 'ग्लिक' असा आहे.) शिकवताना हसू आवरत नव्हते, आणि संतापही.

कारण पदवी या बाईंकडेही नव्हती. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म. ऐन शाळकरी वयात ॲनोरेक्सिया, म्हणजे अन्नच नकोसे करणारा आजार. मग सात वर्षे चाललेले मनोविश्लेषण. पूर्णवेळ महाविद्यालय झेपण्यासारखे नव्हतेच. सारा लॉरेन्स महाविद्यालयात कवितेचा एक वर्ग आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात लिओनी ॲडम्स व स्टॅन्ली क्युनित्झ या कवींच्या कार्यशाळा, एवढेच शिक्षण. क्युनित्झ यांच्यासारखे गुरू लाभले होते, त्यामुळे त्यांना अशिक्षित म्हणता येणार नाही, हे खरे. पण आमच्या अर्जात गुरूचे नाव लिहायला रकाना नाही.

मी नाव सुचवलेल्या कवयित्रींचे, माझ्या काकूंचेही तेच. (त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, सारा गाव त्यांना काकूच म्हणतो.) बारा वर्षांपूर्वी मी माझी कविता घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पदराला हात पुसून त्यांनी ती दोनदा वाचली आणि पेन्सिलीने शेवटच्या चार ओळींवर काट मारली. "कविता इथंच संपली बाई, पुढं तू भाषण केलंयस." एम.ए.च्या दोन वर्षांत हे मला एकाही पदवीधराने सांगितले नव्हते.

ग्लिक यांचे मला सर्वांत भावते ते निराळेच. १९६८च्या पहिल्या संग्रहानंतर त्यांची लेखणी अडली. खरे कवी शिकवत नसतात, अशी त्यांची समजूत होती. म्हणून प्रॉव्हिन्सटाउन या गावी टेबलाशी बसून राहिल्या आणि काहीही उमटेना. आपल्या हातून आता लेखन होणे नाही, असे मनाशी धरून त्यांनी व्हरमाँटमधील गॉडर्ड महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी पत्करली, आणि शिकवू लागताच कविता परतली. १९७५चा 'द हाउस ऑन मार्शलँड' हा त्यानंतरचा संग्रह. पुढे वीस वर्षे विल्यम्स महाविद्यालय, १९९३ साली 'द वाइल्ड आयरिस'साठी पुलित्झर, २००४पासून येल विद्यापीठ, २०२० साली नोबेल. येलच्या तरुण कवींच्या ग्रंथमालेच्या परीक्षक असताना त्या निवडलेल्या कवीच्या हस्तलिखितावर त्याच्यासोबत बसून काम करीत. म्हणजे पुन्हा तीच पेन्सिल. (एक्झॅक्टो ही धारदार सुरी घडवण्यात त्यांच्या वडिलांचा वाटा होता; काटछाट रक्तातच असावी.)

निकष नसतील तर वशिल्याचे तट्टू घुसतील, हे मान्य. मीही सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनच इथे आले आहे. पण एका दिवसाच्या कार्यशाळेसाठी? आणि ज्यांच्या कविता आम्ही वार्षिक अंकात मोठ्या अभिमानाने छापतो, त्यांच्यासाठी? कविता चालते, कवयित्री चालत नाही, याला काय म्हणावे?

हे लिहिता लिहिता राग जरा निवळला आहे. शेरा मारणाऱ्या गृहस्थांचा तरी काय दोष, त्यांच्यासमोर परिपत्रक आहे. संध्याकाळी काकूंना फोन केला, तर त्यांनी माझीच समजूत घातली. "अगं, मला कशाला तिथं बोलावतेस? पोरींना घेऊन ये इकडं. आणि पेन्सिली आणा, माझी झिजलीय."

रविवारी सहा मुलींना घेऊन जाणार आहे. अर्ज मात्र उद्या पुन्हा देणार, आणि त्या रकान्यात पुन्हा 'बारावी'च लिहिणार.