नऊ डाइव्हनंतर लगेच रेस्क्यू कोर्स? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेतले मुद्दे नेमके आहेत, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटलं नाही. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. स्कूबा डाइव्हिंगचे ओपन वॉटर आणि ॲडव्हान्स्ड हे सुरुवातीचे कोर्स झाल्यावर त्याच आठवड्यात रेस्क्यू कोर्स (संकटातल्या डाइव्हरला वाचवायला शिकवणारा) करू नये, मध्ये पंचवीसेक डाइव्ह होऊ द्याव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की अपघात डाइव्हचा आकडा विचारून येत नाही. प्रमाणपत्र देणारी एजन्सी परवानगी देते, मग अडवणारा मी कोण. असलं वाचून लोक कोर्स वर्षानुवर्षं पुढे ढकलतात. आणि करायचाच तर गोव्याच्या गढूळ पाण्यात कशाला, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर किंवा अंदमानात का नको. शेवटी, तुम्ही आणि तुमच्या धाकट्या भावाने तो एकत्र करावा का, असंही विचारलंय.

आकड्याबाबत तुमचं बरोबर आहे, आणि नुसता आकडा लिहिणं ही माझी चूकच होती. पॅडी या एजन्सीच्या रेस्क्यू कोर्सला किमान डाइव्हची अट नाही. ॲडव्हेंचर डाइव्हर (ॲडव्हान्स्डच्या आधीची पायरी) किंवा त्यावरचं कार्ड, पाण्याखालच्या दिशाज्ञानाची एक डाइव्ह आणि गेल्या २४ महिन्यांतलं प्रथमोपचार-सीपीआरचं प्रशिक्षण एवढं पुरतं. एसएसआय या दुसऱ्या एजन्सीचा स्ट्रेस अँड रेस्क्यू कोर्स तर ओपन वॉटरनंतर लगेच करता येतो. ओपन वॉटरच्या चार आणि ॲडव्हान्स्डच्या पाच मिळून नऊ डाइव्ह झालेला माणूस नियमाने बसू शकतो. पण त्या नऊच्या नऊ डाइव्हमध्ये प्रशिक्षक हाताच्या अंतरावर होता. किती खोल जायचं, केव्हा वळायचं, केव्हा वर यायचं, हे सगळं त्याने ठरवलेलं. स्वतः ठरवून केलेली एकही डाइव्ह खात्यावर नसताना दुसऱ्याची जबाबदारी घ्यायला शिकणं मला उलटं वाटतं.

कोर्समधल्या एका सरावावरून सांगतो. तळाशी बेशुद्ध सापडलेल्या डाइव्हरला वर आणायचं. रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात ते तोंडातलं साधन) तोंडात असेल तर तो तिथेच धरून ठेवायचा. बाहेर असेल तर तो परत बसवण्यात वेळ घालवायचा नाही. मान फार पुढे किंवा मागे जाऊ द्यायची नाही. वर जाण्यासाठी हवा त्याच्या बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) भरायची आणि स्वतःची रिकामी करत राहायची, म्हणजे हात सुटलाच तर तो वर जाईल, तुम्ही नाही. मग एका हाताने त्याचा रेग्युलेटर, दुसऱ्या हाताने त्याच्या बीसीडीची हवा, डोळे खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, आणि या सगळ्यात स्वतःचा श्वास चालू.

नवखा माणूस इथे नेमकं काय करतो? घाईत दोन्ही बीसीडींत हवा भरतो, किंवा त्याच्या बीसीडीकडे बघता बघता स्वतःची रिकामी करायची विसरतो. दहा मीटरवर दाब दोन बार असतो, पृष्ठभागावर एक. म्हणजे शेवटच्या दहा मीटरमध्ये बीसीडीतली हवा दुप्पट फुगते. सगळ्या चढाईत सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. गोव्यातल्या ग्रँड आयलंडभोवतालच्या बहुतेक डाइव्ह याच पट्ट्यात होतात. ‘गोव्यात काय, उथळच पाणी’ असं आपण सहज म्हणतो, पण तरंगण्याचा तोल सांभाळायला हे उथळ पाणीच अवघड. दोघं सुसाट वर गेले आणि वाचवणाऱ्याने प्रयत्नाच्या भरात श्वास रोखला, तर फुप्फुसाला इजा व्हायला दीड-दोन मीटरचा फरकही पुरतो. मग बोटीवर एकाऐवजी दोन रुग्ण.

हवेचा हिशोबही करून बघा. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम टाकीत ५० बार उरले असतील तर हवा साधारण ५५५ लिटर. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ४५ लिटर सहज ओढतो. १२ मीटरवर दाबामुळे ते २.२ पट, म्हणजे जवळजवळ १०० लिटर. एकट्याला साडेपाच मिनिटं. तुमच्या टाकीवर दोघं असाल तर पावणेतीन. मिनिटाला नऊ मीटरच्या गतीने नुसतं वर यायलाच ८० सेकंद लागतात. ज्याला आपला हवेचा खर्च माहीत आहे तो हा हिशोब करू शकतो, आणि खर्च कळायला सात-आठ साध्या डाइव्हची नोंद लागते. सुरुवातीचे आणि शेवटचे बार, सरासरी खोली, मिनिटं. नवीन डाइव्हर लॉगबुकात मासे लिहितात आणि बार लिहीत नाहीत. हे मला मनापासून खटकतं.

म्हणून आकडा सोडतो आणि त्याऐवजी कसोटी सांगतो. पाच मीटरवर, दोरी न धरता, तीन मिनिटं थांबा. अर्ध्या मीटरपेक्षा वरखाली व्हायचं नाही. त्या तीन मिनिटांत एकदा मास्क पूर्ण भरून रिकामा करा आणि दोनदा बडीचा (जोडीदार डाइव्हरचा) हवेचा गेज वाचा. हे जमलं, की पाण्यावर पूर्ण सामानासह पायातल्या फिन मारत २०० मीटर पोहून बघा. शेवटी एखादं वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. तिसरी गोष्ट, डाइव्हमध्ये मध्येच स्वतःला विचारा, ‘माझ्याकडे किती बार आहेत?’ उत्तर गेज बघण्याआधी दहा-पंधरा बारांच्या फरकाने आलं, तर तुमचं लक्ष दुसऱ्याकडे द्यायला मोकळं झालंय. कोणाला हे पंधराव्या डाइव्हला जमतं, कोणाला चाळिसाव्या. पंचविसाच्या आसपास बहुतेकांना जमावं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आणि जमलं की थांबू नका. शंभर डाइव्ह होईपर्यंत वाट बघणाऱ्यांबद्दलची तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. तोवर चुकीच्या सवयी पक्क्या होतात आणि बडी म्हणजे शेजारी पोहणारा माणूस एवढाच अर्थ उरतो.

‘अपघात आकडा विचारत नाही’ यावर माझं उत्तर वेगळं आहे. रेस्क्यूचा अर्धा भाग पाण्याबाहेरचा असतो आणि त्यासाठी एकाही डाइव्हची गरज नाही. तो याच महिन्यात शिका. बुडालेल्या माणसाचा श्वास बंद असेल तर आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची. रस्त्यावर कोसळलेल्या माणसासाठी सांगतात तसं नुसतं दाबत राहणं इथे पुरत नाही, कारण इथे मुळात प्राणवायूच संपलेला असतो. त्यानंतर ३० दाब, २ श्वास; मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. वर आल्यावर काही मिनिटांतच शुद्ध हरपली, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली, तर हवेचा बुडबुडा रक्तात गेल्याचं समजून चालायचं. माणसाला आडवं ठेवायचं, बसवायचं नाही, आणि ऑक्सिजन लगेच सुरू करायचा. ‘परत थोडं खाली नेऊया, बरं वाटेल’ असं बोटीवर कोणी सुचवलं तर ठाम नकार द्यायचा.

ऑक्सिजनचं गणित सोपं आहे आणि तरीही कोणी करत नाही. बी टाइपच्या टाकीत साधारण १५०० लिटर असतात. पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला १५ लिटर दिले तर १०० मिनिटं. बेटापासून जेट्टी, जेट्टीपासून १०८ ची रुग्णवाहिका, पुढे रुग्णालय, एवढं अंतर त्यात बसतं, पण टाकी भरलेली असेल तरच. बोटीवर चढताना विचारा: टाकी कुठे आहे, दाबाचा काटा किती दाखवतोय, आणि ती उघडायची चावी कुठे बांधलीय. चावी किनाऱ्यावर राहिली तर भरलेली टाकी नुसतं वजन. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा १५५४ हा क्रमांक बोटीवरच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, आणि बोटीला व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.

आता पाण्याचा प्रश्न. इथे मी मुळीच मागे हटणार नाही. ज्या पाण्यात तुम्ही डाइव्ह करता त्याच पाण्यात कोर्स करा.

हरवलेल्या डाइव्हरच्या शोधाचंच उदाहरण घ्या. व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यात दिसण्याचं अंतर, चार मीटर असेल तर फेऱ्यांमध्ये तीन मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवून चालत नाही. २० बाय २० मीटरचा तुकडा धरला तरी २० मीटरच्या सात फेऱ्या, म्हणजे १४० मीटर. मिनिटाला १५ मीटर सरकलात तर नऊ मिनिटांहून जास्त, आणि तीही होकायंत्राची रेघ न चुकवता. जिथे वीस मीटर दिसतं तिथे हाच तुकडा एका जागी उभं राहून मान फिरवली की संपतो. तिथे शिकलेला माणूस इथे आला की पहिल्या वळणालाच दिशा हरवतो. दिशाज्ञानाची डाइव्ह ही अट उगीच घातलेली नाही. खाली शोध सुरू करण्याआधी एक मिनिट आजूबाजूला बघून वर येणं आणि हरवलेला आधीच वर आलाय का ते पाहणं, हा साधा नियमही स्वच्छ पाण्यात कोणाला आठवत नाही, कारण तिथे बडी दिसेनासा होतच नाही. जुवारी आणि मांडवी, दोन्ही नद्यांचा गाळ आपल्या किनाऱ्यावर येतो. हे पाणी असंच राहणार.

दुसरी गोष्ट वरची. ग्रँड आयलंडजवळ पर्यटकांच्या बोटींची वर्दळ असते, त्यामुळे बेशुद्ध माणसाला ओढत नेताना बोटींच्या पंख्यांकडेही लक्ष ठेवावं लागतं. वर येण्याआधी आपली जागा दाखवणारा फुगा पाण्यावर सोडायची सवय इथेच लागते. आणि आपल्या बऱ्याच बोटींना मागे पोहायचा प्लॅटफॉर्म नसतो. काठ उंच, शिडी अरुंद. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस त्या काठावरून आत घ्यायचा कसा? आधी खाली जाण्यासाठी बांधलेली वजनं आणि पूर्ण किट पाण्यातच काढायचं. मग ताडपत्री किंवा जाळ्याचा तुकडा एका कडेने बोटीला बांधून त्याच्या खालून घ्यायचा आणि दुसरी कड वरून ओढायची, म्हणजे माणूस गुंडाळत काठावरून आत येतो. ताडपत्री नसेल तर वरच्या दोघांनी काखेत धरून एका इशाऱ्यावर उचलायचं. हे तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशांना बरोबर घेऊनच शिकायचं असतं. ते नुसते बघत उभे आहेत आणि सराव स्विमिंग पुलाच्या पायरीवर संपतोय, असा कोर्स असेल तर पैसे देऊ नका.

श्वास देत ओढून नेण्याचा सराव सर्वांत जास्त वेळा करून मागा. साधारण पाच सेकंदांना एक श्वास, आणि त्या मधल्या पाच सेकंदांत त्याचं किट काढण्यासाठी एक बकल उघडायचं. सगळे चुकतात ते इथेच: बकल अडकलं की ते सोडवण्यात दहा-बारा सेकंद जातात आणि लय तुटते. बकल तसंच ठेवायचं, श्वास द्यायचा, मग पुन्हा बकल. हे हाताला कळायला वीस-पंचवीस वेळा करावं लागतं. एका दिवसात दोन सराव उरकणारा प्रशिक्षक तेवढं करून घेऊ शकत नाही. प्रथमोपचार धरून तीन ते चार दिवस देणारा शोधा आणि एका प्रशिक्षकाकडे चारपेक्षा जास्त विद्यार्थी नसतील असं बघा.

हंगामाचं गणित असं ठेवा. जून ते सप्टेंबर समुद्र बंद. त्या काळात प्रथमोपचार, सीपीआर आणि ऑक्सिजनचा वर्ग उरकून घ्या, पावसात करायला याहून चांगलं काम नाही. ऑक्टोबरात रेस्क्यूला बसू नका. चार महिने हात बसलेला नसतो आणि पाणीही अजून निवळलेलं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला चार-पाच डाइव्ह करा, त्यातल्या निम्म्या तरी स्वतः आखलेल्या. मार्च-एप्रिलमध्ये कसोटी जमली की कोर्स. म्हणजे उशीर जास्तीत जास्त एका हंगामाचा.

राहिला तुमच्या भावाचा प्रश्न. एकाच कोर्सला जरूर बसा, कारण पाण्यात तुमचा बडी तोच असणार आहे. पण सरावात जोडी बदलायला सांगा. भाऊ नेहमी एकमेकांना मदत करतात: बेशुद्धाचं सोंग घेतलेला नकळत पाय हलवतो, घाबरल्याचं सोंग घेतलेला जरा हळूच पकडतो. परका माणूस तसं करत नाही. घाबरलेल्या डाइव्हरला गाठताना तीन मीटरवर थांबा, आपली बीसीडी भरा, बोला, तरंगणारं काहीतरी पुढे करा. मास्क कपाळावर, रेग्युलेटर थुंकलेला, डोळे विस्फारलेले आणि हात पाण्यावर चढायला बघताहेत, असं असेल तर समोरून जवळ जाऊ नका. मागून जा, त्याची टाकी गुडघ्यांत धरा आणि त्याच्या बीसीडीत हवा भरा. त्याने धरलंच तर रेग्युलेटर तोंडात ठेवून खाली जा, तो सोडतो, कारण त्याला वरच राहायचं असतं. हे तुमच्यापेक्षा वजनाने जड अशा कोणावर तरी एकदा करून बघा. आणि तुमच्या दोघांत जो हलका आहे त्याने जास्त वेळा करा.