दोनशे रुपयांचा शनी

पुण्यातला माझा एक शाळासोबती हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात राबतो. परवा फोनवर म्हणाला, "दुर्बिणीतून फुकट दाखवणं बंद करायला हवं. दोनशे रुपये लावले की खरे रसिक तेवढे येतील. बाकीचे नुसते मोबाइल लावतात आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, पोरं स्टँडला लाथा मारतात." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

खरे रसिक म्हणजे कोण? ज्या बापाच्या खिशात चौघांचे आठशे आहेत तो?

इथे ऑक्टोबर ते मार्च, बुधवारी सव्वासातला केंब्रिजच्या खगोलशास्त्र संस्थेत अर्ध्या तासाचं व्याख्यान असतं आणि आभाळ मोकळं असलं तर नंतर दुर्बिणी. तिकीट नाही. मॅडिंगली रोडच्या थंडीत टोप्या कानावर ओढून लोक नॉर्थम्बरलंड दुर्बिणीच्या रांगेत उभे राहतात. १८४६च्या ऑगस्टमध्ये इथले खगोलशास्त्राचे प्राध्यापक जेम्स चॅलिस यांना हिच्यातूनच नेपच्यून दोनदा दिसला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो ओळखला नाही. सप्टेंबरात बर्लिनच्या वेधशाळेवाल्यांनी तो शोधून काढला. प्राध्यापकाला बघून कळलं नाही तरी चालतं, आणि सात वर्षांचं पोर "काहीच दिसत नाही" म्हणालं की ते रसिक नाही!

"तुमच्याकडे शेदीडशे माणसं," मित्र म्हणाला. "विज्ञान दिनाला आमच्या आयुकाच्या, खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या, फाटकाशी हजारो असतात. सांभाळून दाखव." मग मी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर काढले. याच केंब्रिजमध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल यांचे विद्यार्थी आणि सहकारी, १९७२ साली भारतात परतले, १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली. तिथे शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होऊ लागली. सही मागणाऱ्या पोरांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, उत्तराखाली सही मिळेल. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, म्हटलं, दोनशे रुपयांचं नाही.

नारळीकर परतले, तू नाही परतलास, असं तो म्हणाला नाही. गरजच नव्हती. मीही इथल्या ढगांचा विषय काढला नाही. कित्येक बुधवारी घुमट उघडतच नाही, हे त्याला कशाला सांगा?

खरं सांगायचं तर व्याख्यानातलं निम्मं मला ठाऊक असतं. मी जातो रांगेसाठी. लाल बॅटरीच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे दिसतात. मूळचे कुठले, असं कुणी विचारत नाही. मागचा विचारतो ते एवढंच, "दिसला का?" ऑफिसात, मुलीच्या शाळेत, शेजाऱ्यांकडे मला हे इतकं सहज मिळालेलं नाही.

आकाश सगळीकडे सारखंच, हे मात्र मला कुणी सांगू नये. ध्रुव इथे क्षितिजापासून बावन्न अंशांवर, मान मोडते; पुण्यात साडेअठरा. दक्षिणेचा अगस्ती तारा तर इथे उगवतच नाही. हिवाळ्यात दक्षिणेकडे बघायची सवय अजून जात नाही माझी. मुलीने तो पाहिलेलाच नाही, तिला कशाला चुकल्यासारखं वाटेल?

"मग ये ना डिसेंबरात," मित्र म्हणाला. "रांग लावायला एक माणूस कमीच आहे." डिसेंबरातली तिकिटं फार महाग असतात, असं मी बोलून गेलो. त्यावर तो जो हसत सुटला, तो फोन ठेवेपर्यंत. हसू दे. दोनशे रुपये लावू नयेत, यावर मी ठाम आहे.