'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : रडगाणं की मॅन-डेज?

नमस्कार स्पष्टवक्तासाहेब (की बाई? टोपणनावावरून कळायला मार्ग नाही, तेव्हा साहेबच धरतो),

'तीन माणसं, सात कारखाने' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. दोन्ही वेळा तोंडाची चव गेली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंटर्नल ऑडिटला (म्हणजे कंपनीने आपल्याच कारभाराची करायची तपासणी) माणसं मिळत नाहीत हे 'निवृत्त अधिकाऱ्याचं रडगाणं' आहे. 'चांगला ऑडिट हेड जोखीम पाहून नियोजन करतो, डोकी मोजत बसत नाही.' हे ऑडिट कुठल्या कंपनीला सक्तीचं ते ठरवणारी, कंपनी कायद्याच्या कलम १३८ खालची मर्यादा मी चुकीची दिली. निम्मं काम बाहेरच्या फर्मला देता येतं, उरलेलं डेटा ॲनालिटिक्स करतं. एवढा घोटाळा झाला त्या पीएनबीत (पंजाब नॅशनल बँकेत) काय ऑडिटर कमी होते? आणि शेवटी, माणसं कमी पडतात हे मी ऑडिट कमिटीला (ऑडिटवर देखरेख करणाऱ्या, संचालक मंडळाच्या समितीला) कधी लेखी कळवलं होतं का?

आधी चूक कबूल करतो. खासगी कंपनीला इंटर्नल ऑडिट बंधनकारक होण्यासाठी उलाढालीची मर्यादा २०० कोटींची आहे. मी १०० लिहिलं. १०० कोटींचा आकडा बँकांकडून घेतलेल्या, फेडायच्या राहिलेल्या कर्जाचा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण 'एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाने उपदेश करू नये' हे शेपूट जोडायची गरज होती का? चूक दाखवायला एक ओळ पुरते. तुम्ही चार खर्च केल्यात.

आता 'रडगाणं'. मी १९८७ मध्ये लक्ष्मी रोडवरच्या एका सीए फर्ममध्ये आर्टिकल (शिकाऊ) म्हणून लागलो. व्हाउचरला टिका मारण्यापासून सुरुवात केली. पुढे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंटर्नल ऑडिटला गेलो आणि शेवटची अकरा वर्षं तो विभाग सांभाळला. ३१ मार्चच्या रात्री चाकणच्या शेडमध्ये बेअरिंगच्या पेट्या मोजत किती वेळा पहाट केली ते माझ्या बायकोला विचारा. आमच्या लग्नाचा वाढदिवस १ एप्रिलचा. असं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी बसल्या जागेवरून रडका म्हणावं आणि त्याने हसून सोडून द्यावं, एवढा मोठा मी अजून झालो नाही.

'जोखीम पाहून नियोजन'. हे वाक्य मी सेमिनारमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता जेवणाच्या कूपनवरही छापतील. घ्या, नियोजनच करून दाखवतो. माणसं तीन. सुट्ट्या, रजा, ट्रेनिंग वजा करून माणशी वर्षाला २३० दिवस, म्हणजे ६९० मॅन-डेज (माणसांचे कामाचे दिवस). सात कारखान्यांत वर्षातून दोनदा स्टॉकची मोजणी, दोघं जण, तीन दिवस : ८४ गेले. फायनान्शियल कंट्रोल्सच्या चाचण्या : १५०. दर तिमाहीला कमिटीसाठीची तयारी १५ दिवस, वर्षाचे ६०. एमडींच्या केबिनमधून 'जरा हे बघून घ्या' म्हणून येणारी कामं किमान १२०. उरले २७६. आमच्या यादीत ऑडिट करण्याजोगे ११२ विषय होते आणि त्यातले ३८ आम्हीच 'हाय रिस्क' ठरवलेले. एका विषयाला २० दिवस धरा. २७६ मध्ये जेमतेम १४ बसतात.

मग २४ उरतात, साहेब. कमी जोखमीचे नव्हेत, हाय रिस्कचे २४. जोखीम पाहूनच नियोजन केलं होतं आम्ही. पण चादरच हातभर असेल तर पाय किती आखडायचे? कागदावर प्लॅन जोखमीवर आधारलेला दिसतो. खरं तर माणसं मोजून झाल्यावर, जेवढं पेलेल तेवढ्यालाच 'हाय' म्हणायचा मोह होतो. दुसऱ्या वर्षी माझा सहकारी म्हणालाही, "सर, यातले दहा मीडियम करून टाकू, तक्ता बरा दिसेल." मी नाही म्हटलं. तिसऱ्या वर्षी पाच केले.

त्या २४ मध्ये भंगार विक्री होती. एका साली योगायोगाने आमच्या विभागातला सर्वांत धाकटा मुलगा दोन दिवस मोकळा होता, त्याला वजनकाट्यावर बसवलं. कॉम्प्युटरमधल्या स्लिपा आरशासारख्या स्वच्छ होत्या : ग्रॉस (भरलेल्या गाडीचं वजन), टेअर (रिकाम्या गाडीचं), नेट (मालाचं), सगळं छापील. पोराने पाहिलं की टर्निंगचं भंगार (लेथवरचा धातूचा कीस) न्यायला येणारा ट्रक रिकामा असताना काट्यावर चढतच नाही. ऑपरेटर जुनं साठवलेलं टेअर उचलतो, ६,४८० किलो. दुसऱ्या दिवशी त्याने हट्टाने रिकामी गाडी चढवली. काटा ६,१४० वर थांबला. मधे केव्हातरी गाडीची बॉडी बदलून हलकी केली होती. म्हणजे दर खेपेला ३४० किलो माल फुकट. आठवड्याला चार खेपा, साधारण दोन वर्षं. गुणाकार तुम्हीच करा, तुम्हाला डेटा आवडतो. त्या डेटात टेअर दर वेळी तेच होतं, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. तिथे उन्हात उभं राहणारं एक डोकं लागलं. तुम्ही म्हणता मोजत बसू नये, तेच डोकं.

आणि डोकी मोजणं एवढं हलकं काम असतं तर सेबीने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठीच्या २०१५ च्या एलओडीआर नियमांत ते ऑडिट कमिटीकडे दिलं नसतं. विभागाची रचना कशी, माणसं किती, प्रमुख किती वरच्या हुद्द्याचा, हे कमिटीने बघायचं असं तिथे स्पष्ट लिहिलंय. सेबीलाही रडकी म्हणणार का?

बाकीचे मुद्दे. बाहेरची फर्म : आम्हीही नेमली होती. पार्टनर पहिल्या मीटिंगला आले, नंतर दर वेळी नवीन मुलं, आणि त्यांना गेट कुठे, स्टोअर कुठे हे दाखवण्यात आमचाच माणूस अडकायचा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये बँकांना इंटर्नल ऑडिट बाहेर देऊ नका, फार तर तज्ज्ञ कंत्राटावर घ्या, असं सांगितलं ते उगाच नाही. (आमची बँक नव्हती, ठाऊक आहे. लगेच लिहू नका.) पीएनबीचं म्हणाल तर मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून स्विफ्टवर (बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या जाळ्यावर) जाणारे संदेश कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत, उमटतच नव्हते. तो प्रकारच निराळा, त्यावर कधीतरी सवडीने.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. तो विचारायची पद्धत उलटतपासणीची आहे, तरी सांगतो. मनुष्यबळाची तूट आणि तिचे परिणाम बोर्डाला कळवावेत हे ९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या इंटर्नल ऑडिटच्या जागतिक मानकांत आहे, आणि मी त्याआधीच निवृत्त झालो. जुन्या मानकांतही ते होतं. तुम्ही तेच लिहिणार, म्हणून मीच लिहितो. कमिटीच्या अध्यक्षांना मी तोंडी सांगितलं होतं, दोनदा. एकदा जेवणाच्या टेबलावर, एकदा लिफ्टपाशी. "बघू या," म्हणाले. एका वर्षी त्या २४ विषयांची स्लाइडही केली होती. मीटिंगच्या दोन दिवस आधी सीएफओ (कंपनीचे वित्तप्रमुख) म्हणाले, वेळ कमी आहे, ही काढू या. मी काढली. जुन्या लॅपटॉपवर अजून आहे ती.

तुम्ही माझ्या खुर्चीत असतात तर ठेवली असतीत, असं आता लिहालच. जरूर लिहा. फक्त या खेपेला स्वतःच्या नावाने लिहा.