१९६९ची ‘जर-तर’ कथा आणि देशमुखांवरचा आळ

एक छोटी ‘जर-तर’ कथा सध्या बरीच फिरतेय. तीत १९६९च्या राष्ट्रपती निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पसंतीचे अपक्ष व्ही. व्ही. गिरी हरतात, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी जिंकतात. मग बँका खासगीच राहतात आणि आणीबाणी येत नाही. कथेला कोण अडवणार? पण सोबतचा दावा इतिहास म्हणून पुढे रेटला जातोय: तिसरे उमेदवार, माजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मतं खाल्ली नसती, तर हे सगळं खरंच घडलं असतं.

आधी देशमुखांवरचा आळ. राष्ट्रपती निवडणुकीत पसंतीक्रम लिहायचा असतो, त्यामुळे ‘मतं खाणारा उमेदवार’ हा आपल्या आमदारकीचा हिशेब इथे चालत नाही. पहिल्या पसंतीची मतं गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. ती कुणालाच मिळाली नाहीत, म्हणून मागे पडलेल्यांची मतं पुढच्या पसंतीनुसार वाटली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. म्हणजे या वाटपात रेड्डींना ९१ हजारांवर मतं मिळाली, गिरींना साडेअठरा हजार. देशमुखांच्या पाठीशी ‘स्वतंत्र’ नावाचा पक्ष आणि जनसंघ होते. देशमुखांची मतं बहुतांशी रेड्डींकडेच गेली. पुढची पसंती न लिहिल्याने गळालेली मतं अकरा हजारांच्या आत. ती सगळी रेड्डींच्या पारड्यात टाका, तरी ते हरतातच! उलट याच दुसऱ्या पसंतीसाठी काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा त्या दोन पक्षांशी बोलले आणि इंदिरा गांधींच्या गोटाला पक्षादेशाऐवजी ‘सदसद्विवेकबुद्धीने मत द्या’ म्हणायला आयतं निमित्त मिळालं. रेड्डींचा घात स्वपक्षातच झाला.

बँकांचं म्हणाल, तर १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम १९ जुलैचा. सही हंगामी राष्ट्रपती गिरींची, दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा. कायद्यावर ९ ऑगस्टला सही झाली ती गिरींनंतरचे हंगामी राष्ट्रपती हिदायतुल्लांची. मतदान १६ ऑगस्टला. फेब्रुवारी १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केल्यावर नवा वटहुकूम निघाला. तिथे रेड्डी अडून बसले असते, एवढं मान्य करू.

आणीबाणीबद्दल फार लिहायलाच नको. राष्ट्रपतींची मुदत पाच वर्षं. रेड्डी ऑगस्ट १९७४मध्येच पायउतार झाले असते. जून १९७५मध्ये आणीबाणीवर सही केली तेव्हाचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी. रेड्डींना दुसरी मुदत द्यायची, तर १९७१ आणि १९७२मधला इंदिरा काँग्रेसचा विजयही पुसावा लागेल, आणि कथाकार त्या भानगडीत पडलेले नाहीत.

खरा फाटा डिसेंबर १९७०चा. काँग्रेस फुटल्यावर इंदिरा गांधींचं सरकार अल्पमतात, कम्युनिस्ट आणि द्रमुकच्या टेकूवर होतं. इंदिरांच्या सल्ल्याने लोकसभा मुदतीच्या वर्षभर आधी बरखास्त झाली आणि १९७१चा विजय त्यातूनच आला. रेड्डींनी हा सल्ला नाकारला असता का? १९७७मध्ये ते बिनविरोध राष्ट्रपती झाले, त्यामुळे त्यांचा एक नमुना आपल्यापाशी आहे. ऑगस्ट १९७९मध्ये, लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेल्या पंतप्रधान चरणसिंगांच्या सल्ल्यावरून त्यांनी लोकसभा बरखास्त केली. जनता पक्षाचे जगजीवनराम सरकार बनवायला तयार असतानाही त्यांना बोलावलं नाही. मग १९७०मध्ये त्यांनी नकार दिला असता, असं कशावरून मानायचं?