भरल्या पोटाचं दुखणं?

डिप्रेशनवरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: डिप्रेशन हे भरल्या पोटाचं दुखणं, राबणाऱ्याला त्याची फुरसत नसते. आफ्रिकेतल्या गरीब देशांत तर त्याचे डॉक्टरच नाहीत, मग उपचार कुठले? नुसतं बोलून काही होत नाही. आधी भाकरी द्या, मनाचं मग बघू.

फुरसतीचं आधी उरकतो. युगांडाच्या दक्षिणेला मसाका आणि राकाई हे भाग आहेत. शेतीवर जगणारी, एड्सने पोळलेली खेडी. तिथल्या पाहणीत साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन आढळलं. भरलेली पोटं तिथे फारशी नव्हती.

डॉक्टर नाहीत, हे मात्र खरं. झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यापैकी एक, डिक्सन चिबांडा, यांची एक तरुण रुग्ण 2005 मध्ये आत्महत्येने गेली. तिला राजधानी हरारेला त्यांच्याकडे यायचं होतं, पण बसभाड्याचे 15 डॉलर घरात नव्हते. म्हणजे डॉक्टर असूनही उपयोग झाला नाही! मग 2006 मध्ये चिबांडांनी हरारेच्या म्बारे वस्तीत 14 आज्यांना हाताशी धरलं. या बायका आधीपासूनच वस्तीत आरोग्याचं काम करत होत्या. दवाखान्यात खोली मिळेना, म्हणून बाहेर बाक टाकला. आजी चौदा प्रश्न विचारते: गेल्या आठवड्यात डोक्यात फार विचार घोळत होते का, झोप उडाली का, पोट दुखलं का, रडू आलं का, जीव द्यावासा वाटला का. मग समोरचा आपल्या अडचणी मांडतो, त्यातली एक निवडतो, आणि तिच्यावर पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं ते दोघं मिळून ठरवतात. बहुतेक सगळं काम सहा भेटींत.

‘नुसतं बोलून’ वाल्यांनी आता आकडे बघावेत. हरारेच्या 24 दवाखान्यांत 573 जणांवर रीतसर चाचणी झाली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी बाकावरच्या गटात डिप्रेशन उरलं 13.7 टक्क्यांत, नेहमीचे उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात 49.9 टक्क्यांत. युगांडाच्या 30 गावांत डिप्रेशन असलेले लोक निवडले, आणि त्यातल्या निम्म्या गावांत गटाने बसून आठवड्याला दीड तास, असं 16 आठवडे बोलणं झालं. चालवणारी माणसं तिथलीच, डॉक्टर कुणीच नाही. शेवटी तिथे डिप्रेशन उरलं 6.5 टक्क्यांत, बाकीच्या गावांत 54.7 टक्क्यांत. (काहीच न केलेल्या गावांतही बरेच जण आपोआप सावरले, हेही त्याच आकड्यात दिसतं, लपवायचं कारण नाही.) आणि एवढ्या लांब कशाला, आपल्या शेजारी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ संस्थेने तज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांकडून हेच करून पाहिलं. तीन महिन्यांनी 64 टक्के रुग्ण डिप्रेशनमधून बाहेर. नेहमीचीच काळजी मिळालेल्यांत 39 टक्के.

राहिली भाकरी. मेसेजमधला हा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. केनियाच्या खेड्यांत एका प्रयोगात काही घरांना रोख पैसे दिले, काहींना पाच आठवड्यांचं समुपदेशन. वर्षाने पैसेवाल्यांची मिळकतही सुधारली आणि मनही. समुपदेशनाचा मोजण्याजोगा परिणाम दिसला नाही. मात्र तिथे डिप्रेशन असलेले निवडून घेतले नव्हते, सरसकट गावकरी घेतले होते. दुखणं नसलेल्याला औषध दिल्यावर फरक काय दिसणार? तेव्हा रोख मदत द्याच, मला ती हवीच आहे. पण ज्याला सकाळी अंथरुणातून उठवतच नाही, त्याची मजुरी रोज बुडते, आणि त्याला ‘आधी कमव’ म्हणणं म्हणजे उलटी वरात. शिवाय म्बारेच्या बाकावर लोक बोलतात तरी कशाबद्दल? थकलेलं भाडं, नवऱ्याची मारहाण, एचआयव्हीची गोळी घरात कुणाला कळू नये म्हणून कुठे ठेवायची, याबद्दल. भेटी संपल्यावर गटात बसून जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या विणायला शिकवतात, त्या विकून चार पैसेही मिळतात.